आमचा अठरावा नियम

फुटबॉलला मी आयुष्यात एकदाही पाय लावलेला नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं. सातारा जिल्हा आणि शेजारचं सांगली संस्थान मिळून आमचं एक फुटबॉल मंडळ होतं. त्याचा मी बरीच वर्षं चिटणीस होतो आणि माझी सही झाल्याशिवाय त्या सगळ्या मुलखात कुणालाही चेंडूला रीतसर लाथ मारता येत नसे. आमचे अध्यक्ष रावसाहेब तर माझ्याही पुढचे. ते सांगलीतले बडे वकील. सामन्याचं मध्यंतर झालं की खेळ संपला असं समजून ते उठायचे आणि बक्षीस समारंभाचं भाषण सुरू करायचे. दोन वेळा मी त्यांना कोटाला धरून खाली बसवलेलं आहे.

मी त्यांच्याच कचेरीत टंकलेखक होतो. दिवसभर दावे आणि कैफियती बडवायच्या आणि मधूनमधून त्याच यंत्रावर मंडळाचा कारभार हाकायचा. त्यामुळे मंडळाच्या पत्रांनाही कोर्टाची भाषा चिकटली होती. 'सदरहू गोलरक्षकाने सदरहू चेंडू बेकायदेशीररीत्या आपल्या कब्जात ठेवला' असं मी एकदा एका निकालपत्रात लिहिलं, तर त्या गोलरक्षकाचे वडील घाबरून रावसाहेबांकडे जामिनाचं विचारायला आले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फुटबॉल मंडळ म्हणजे सामने भरवणारे लोक. सामने काय, बावीस माणसं आणि एक चेंडू मिळाला की आपोआप भरतात. ते सुरळीत संपतील हे बघणं, हे मंडळाचं खरं काम. कोण कुठल्या संघाचा याची नोंदवही ठेवायची, म्हणजे एकच गडी सकाळी खंडाळ्याकडून आणि संध्याकाळी वाईकडून खेळत नाही. तारखा लावायच्या. तारीख लावायची म्हणजे पंचांग, जत्रांची यादी आणि गुऱ्हाळांचा हंगाम समोर घेऊन बसायचं. गुऱ्हाळ पेटलेलं असताना पलूसचा संघ मैदानावर येणार नाही, भातलावणी चालू असताना पाटणचा येणार नाही. दोन्हीकडच्या जत्रा वगळून जे दिवस उरत, त्या दिवशी नेमकं रावसाहेबांना कोर्टात उभं राहायचं असे.

मग तक्रारी. तक्रार लेखीच हवी, असा नियम मी मुद्दाम केला होता, कारण लिहायला बसलं की माणसाचा निम्मा राग उतरतो. तरी उरलेला निम्मा टपालाने माझ्याकडे यायचाच. एका संघाने लिहिलं होतं की समोरचा गोलरक्षक वाजवीपेक्षा उंच आहे, तरी त्यास थोडे वाकून उभे राहण्याचा हुकूम व्हावा. दुसऱ्या गावाने कळवलं की गोलाचे खांब पाटलांच्या पुतणीच्या लग्नाच्या मांडवाला लावले आहेत, सबब वरात परत येईपर्यंत सामना पुढे ढकलावा. मी ढकलला. मंडळ हे लोकांच्या सोयीसाठी असतं असं माझं प्रामाणिक मत होतं, आणि त्याच मतापायी मी पुढे गोत्यात आलो.

वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा. एक वर्ष साताऱ्याला, एक वर्ष सांगलीला. साताऱ्याला असली की कंदी पेढे, सांगलीला असली की भडंग. ठराव कुठलाही असो, सातारकरांनी मांडला की सांगलीकर हरकत घेत आणि सांगलीकरांनी मांडला की सातारकर. पण दारातून चहाचे कप येताना दिसले की दोन्ही बाजू गप्प होत आणि ठराव एकमताने मंजूर होई. चहा नेमका कधी आणवायचा हे चिटणिसाने ओळखायचं असतं. या कामातली ही एक गोष्ट मला चांगली साधली होती.

आता मुद्द्यावर येतो. फुटबॉलचे नियम सतरा. सगळ्या जगात सतराच. आमच्याकडे अठरा होते, आणि अठरावा मी लिहिला होता.

आमचा मुलूख कुस्तीचा. कुस्तीत आधी जोड लागते. वय, वजन, अंगकाठी बघून पंच दोन गडी समोरासमोर आणतात, त्यांचे हात एकमेकांच्या हातात देऊन आखाड्यात फिरवतात. कुणाची हरकत असेल तर त्याने तिथंच ओरडायचं. मग लढत. फुटबॉलमध्ये त्या काळी एखादा गडी जायबंदी झाला तर त्याच्या जागी दुसरा घेता येत नसे, उरलेल्या दहा जणांनीच भागवायचं. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे पटत होतं, आमच्या लोकांना पटेना. एका सामन्यात एक गडी पाय मुरगळून बाहेर बसला, तेव्हा त्याचं सगळं गाव मैदानात उतरलं. एक पागोटेवाले आजोबा माझ्या टेबलावर काठी आपटून म्हणाले, "अकरा जनांनी धा जनांस्नी मारायचं, ह्याला खेळ म्हंता व्हय? आमच्यात ह्याला दरोडा म्हंत्यात!"

विचार केला तर म्हाताऱ्याचं काही चुकत नव्हतं. मी यंत्रावर कागद चढवला आणि लिहिलं: 'सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांतील गड्यांच्या अकरा जोड्या लावाव्यात. नाणेफेक जिंकणाऱ्या कप्तानाने पहिली जोड सांगावी, त्यानंतर आळीपाळीने. एखादा गडी जायबंदी होऊन बाहेर गेल्यास त्याच्या जोडीच्या गड्यानेही मैदान सोडावे.' सभेत योग्य वेळी चहा आणवला. ठराव मंजूर झाला आणि त्या वर्षापासून मैदानातल्या मारामाऱ्या जवळजवळ थांबल्या. समोरच्याला पाडलं तर आपलाही एक जातो म्हटल्यावर लोक एकमेकांना जपायला लागले. सामन्याआधी बावीस जण जोडीजोडीने हातात हात घालून मैदानाला फेरी मारत, आणि बायाबापड्या ते बघायला येत. मला त्या नियमाचा फार अभिमान होता. अजूनही आहे, फक्त घरात बोलून दाखवत नाही.

महादू हा पाटणच्या संघातला, कोयनेच्या खोऱ्यातला गडी. महायुद्ध संपून फौजेतून घरी आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. फुटबॉल तो फौजेतच शिकला, पण बूट त्याला कधी मानवले नाहीत, अनवाणीच खेळायचा. तो चेंडू घेऊन निघाला की समोरचा बचाववाला आधी चेंडूकडे बघायचा, मग महादूकडे, मग मागे वळून आपल्या गोलाकडे, आणि तोवर गोल झालेला असायचा. मला खेळातलं काही कळत नसे, तरी तो पळायला लागला की मी हातातलं लिहिणं विसरायचो.

एक दिवस तो कचेरीत आला. आत न येता दाराशीच उभा राहून म्हणाला, "चिटणीस, घरी दोगं भाऊ हायती, वावार त्येंनाच पुरतंय. लढाईत मला गोळी लागली न्हाई. आता गावात नुसतं बसून काय करू? मला खेळायचं हाय. मुंबईच्या संघात निवड झाली की गिरणीवालं नोकरी देत्यात म्हनं, निस्तं खेळायसाठी. अजून दोन-तीन वर्सं ऱ्हायल्यात ह्या पायांची. तुमी कायतरी करा."

मी करतो म्हणालो. आमचं मंडळ मुंबईच्या प्रांतिक संस्थेशी संलग्न नव्हतं, आणि संलग्न नसलेल्या मंडळाच्या खेळाडूकडे तिथं कुणी ढुंकून बघत नसे. मी तीन वेळा अर्ज पाठवला. तिसऱ्याला उत्तर आलं की आमचे निरीक्षक तुमचा अंतिम सामना पाहण्यास सांगलीस येतील, मंडळाचा कारभार तपासतील आणि शिफारस करण्याजोगा एखादा खेळाडू असल्यास त्याचे नाव कळवतील. पाटणचा संघ अंतिम सामन्यात पोचला होताच. मी ते पत्र महादूला वाचून दाखवलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि पटक्यात खोचलं. ती मंडळाच्या दप्तरातली एकुलती एक प्रत आहे, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

निरीक्षकांसाठी मी सतरा नियमांची वेगळी प्रत टाइप केली. कुणी जायबंदी झालं नाही, तर अठराव्याचा विषयच निघणार नाही, असा माझा बेत.

समोरचा संघ पलूसचा. त्यांचा कप्तान तातोबा. मी केलेले नियम माझ्याहून जास्त वेळा वाचणारा हा एकच इसम. नदीकडच्या मैदानावर दुपारपासून बैलगाड्या येऊन लागल्या होत्या. निरीक्षकसाहेब रावसाहेबांच्या शेजारी खुर्चीवर, मांडीवर वही. महादू माझ्याकडे बघून हसला आणि मीही हसलो.

नाणेफेक तातोबाने जिंकली. पहिली जोड सांगण्याचा मान त्याचा. त्याने सावकाश महादूकडे बोट केलं, मग मागे वळून आपल्या संघातल्या गणपाआबाला दंडाला धरून पुढे आणलं.

गणपाआबा म्हणजे फौजेतला पेन्शनर हवालदार. वय अठ्ठेचाळीस, नोंदवहीत मीच लिहिलेलं. मिशा पांढऱ्याशुभ्र. तरुणपणी पलटणीच्या संघातून बचावाला खेळलेला, आता कुणी कमी पडलं तर अकरावा म्हणून उभा राहायचा. लोक खो खो हसले. तातोबाचा डाव माझ्या मात्र लक्षात आला होता. म्हातारा पाच-दहा मिनिटांत कुठंतरी पडणार, उठणार नाही आणि जोडीच्या नियमाने महादूलाही बाहेर काढणार. पलूसचं जाणार एक पेन्शनर आणि पाटणचा जाणार सगळा जीव.

बावीस जणांनी हातात हात घालून फेरी मारली. "हा काय प्रकार?" निरीक्षकांनी विचारलं.

"स्थानिक प्रथा आहे," मी म्हणालो.

"वा, छान," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

पंचाने सामना सुरू केला आणि सातव्या मिनिटाला गणपाआबा पडला. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि आबाच्या दहा पावलांत कुणीही नव्हतं. तरी तो गुडघा धरून "मेलो, मेलो" ओरडत होता. पंचाने शिट्टी वाजवली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावत गेलो आणि त्याच्याजवळ बसलो.

"आबा, कुठं लागलंय?"

"कुठं लागायला पायजे?" त्याने हळूच मलाच विचारलं.

"आबा, तुमच्या पाया पडतो, उठा. मुंबईचे साहेब महादूला बघायला आलेत. आज तो बाहेर गेला तर पुन्हा त्याला कुणी बघणार नाही. तो जन्मभर गावातच राहील."

"त्ये मला कशापायी सांगताय? तातोबानं झोपायला सांगितलंया, मी झोपलोया. मी हुकमाचा मानूस हाय, चिटणीस."

मी उठलो आणि चिटणिसाने कधीही करू नये ते केलं. मोठ्या आवाजात जाहीर केलं की अठरावा नियम आजच्यापुरता स्थगित करण्यात येत आहे. झालं, पलूसची माणसं खवळली. तातोबा नियमांची घडी केलेली प्रत नाचवत माझ्या अंगावर आला. एवढी माणसं उभी राहिलेली बघून रावसाहेबांना मध्यंतर झालंसं वाटलं, आणि त्यांनी उठून "सज्जनहो" म्हटलं.

त्या गोंधळात महादू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "चिटणीस, नियम तुमीच लिवलाय न्हवं?"

"हो रे, पण आज..."

"माजी जोड पडलीया. जोडीबिगर मी खेळू कुनासंगं? उद्या लोक म्हंतील, महादूसाटनं चिटणीसांनी नियम मोडला. त्ये नगो." त्याने खाली वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि रेषेबाहेर चालू लागला. ज्याच्यासाठी त्याने एवढी वाट पाहिली होती तो साहेब समोर खुर्चीवर बसला होता, आणि महादू त्याच्या पुढूनच मान खाली घालून चालला होता. नियम लिहिणाऱ्याने कधीतरी तो पाळणाऱ्याचं तोंडही बघावं, असं मला त्या दिवशी वाटलं.

गणपाआबा आडव्यानेच हे सगळं बघत होता. तेवढ्यात पाटणच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "तातोबा, म्हातारा कशाला आनला रं, मढंच आनायचं हुतंस की!" त्या बोलण्याने म्हणा किंवा महादूच्या पाठमोऱ्या चालण्याने म्हणा, पण आबा ताडकन उठून उभा राहिला. "मला काय बी झालं न्हाई! लय बरा हाय मी!" असं ओरडत तो महादूच्या मागे धावला आणि त्याचा हात धरून त्याला ओढत आत घेऊन आला. "चल रं. तुजी जोड अजून जित्ती हाय."

तातोबा म्हणाला, एकदा बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही. मी म्हणालो, तसं नियमात कुठं लिहिलंय ते दाखव. त्याने प्रत उलटसुलट करून बघितली. खरंच लिहिलेलं नव्हतं. टाइप करताना माझ्याकडून राहून गेलं होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या कारभारात एवढी उपयोगी पडलेली चूक दुसरी नाही.

मी निर्धास्त होऊन खुर्चीवर बसलो आणि पाचच मिनिटांत पुन्हा उभा राहिलो, कारण उठलेला गणपाआबा आता खेळायला लागला होता. 'मढं' हा शब्द हवालदाराला चांगलाच झोंबला होता. तो फारसा पळत नव्हता. महादू जिथं पोचणार तिथं तो आधीच जाऊन उभा असायचा. महादू डावीकडून निघाला, आबा तिथं. उजवीकडून निघाला, आबा तिथं. मध्यंतरात मी हळूच जवळ जाऊन "आबा, आता पुरे की" म्हणालो, तर त्याने माझ्याकडे असे डोळे वटारून पाहिलं की मी तांब्या घेऊन मागे फिरलो. महादूला शेवटपर्यंत एकही गोल करता आला नाही. पलूसने सामना एका गोलाने जिंकला. मीच पाया पडून उठवलेल्या म्हाताऱ्याने आमच्या महादूचा निकाल लावला होता.

महादू घामाने निथळत आबाच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. "चिटणीस, आजपातूर अशी जोड मिळाली न्हवती बगा," तो हसत म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की मी सरळ माझ्या टेबलाकडे निघून गेलो.

पंधरा दिवसांनी मुंबईहून निरीक्षकांचा अहवाल आला. मंडळाला संलग्नता मिळाली होती, मात्र जोडीची प्रथा ताबडतोब बंद करावी अशी अट होती. महादूविषयी एकच वाक्य होतं: 'सदर खेळाडूस एका वयस्क इसमाने संपूर्ण वेळ रोखून धरले, सबब शिफारस करता येत नाही.'

ते वाक्य मी कितीदा वाचलं असेन कोण जाणे. शेवटी मी यंत्रावर कागद चढवला. वकिलाच्या कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर एवढं समजतं की निकाल फिरवायचा तर साक्षीदार मोठा करायचा. मी लिहिलं की आपल्या निरीक्षकांचा गैरसमज झालेला दिसतो. सदर इसम वयस्क नसून अवघ्या बत्तीस वर्षांचा आहे आणि आमच्या भागातला पहिल्या दर्जाचा बचावपटू म्हणून नावाजलेला आहे. उन्हातान्हात उसाच्या फडात राबल्यामुळे मिशा अकाली पिकल्या आहेत. अशा नामांकित गड्याकडून रोखले जाण्यात महादूस कोणताही कमीपणा नाही. मग नोंदवही उघडली आणि अठ्ठेचाळीसचे बत्तीस केले. चाकूच्या टोकाने शाई खरवडायची आणि वरून नव्याने लिहायचं.

उत्तर उलट टपाली आलं. महादूचं त्यात नावही नव्हतं. 'बत्तीस वर्षांच्या अशा कसलेल्या बचावपटूची प्रांतिक संघास निकड आहे. श्री. गणपत यांस निवडचाचणीसाठी त्वरित पाठवावे.'

रविवारी मी ते पत्र घेऊन पलूसला गेलो. आबा उसाला पाणी पाजत होता. बांधावर बसून मी सगळं खरं खरं सांगितलं. तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. भाकरी घेऊन आलेली त्याची बायको मात्र हसली नाही. "बत्तीस?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माज्या लग्नालाच तीस वर्सं झाली. मी काय पाळन्यातल्या पोराला माळ घातली हुती व्हय, चिटणीस?"

हसणं ओसरल्यावर आबा म्हणाला, "आन् महादूला कवा बलिवलंय?"

"नाही बोलावलं. त्याच्यासाठीच मी हे सगळं केलं, आबा, आणि बोलावणं तुम्हाला आलं."

आबा म्हणाला, "आसं कसं? मला बलिवलंय तर माजी जोड बी आली पायजे. सांगावा धाडा त्येला."

"आबा, मुंबईला अठरावा नियम नाही. इथलाही त्यांनी बंद केलाय."

"त्येंनी क्येला आसंल बंद. म्या न्हाई क्येला," आबा म्हणाला आणि फावडं उचलून पाटाकडे गेला.

दोघे गेले. कचेरीतून मला रजा मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती मागितलीही नाही. खोटी नोंद केलेल्या माणसाने त्या नोंदीसोबत प्रवास करू नये.

माझं काय झालं ते आधी सांगून टाकतो. आबाला समोर बघितल्यावर मुंबईकरांना वयाची भानगड कळायला किती वेळ लागणार? नोंदवहीत फेरफार करणाऱ्या चिटणिसास पदावरून दूर करावे, असं पत्र आलं. त्या वर्षीची सभा सांगलीला होती. मला काढण्याचा ठराव मीच टाइप केला, मीच वाचून दाखवला आणि नेमक्या वेळी चहाही मीच आणवला. सातारकर आणि सांगलीकर एकमताने मंजूर म्हणाले. माझ्या वाट्याचं भडंग मी तसंच ठेवलं, हे लपवत नाही. त्या नोंदवहीवर माझा जीव होता, आणि तिच्यात खोटा आकडा मीच लिहिला होता. दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती.

पण ते पत्र यायच्या आधी एका सकाळी गणपाआबा कचेरीत आला. स्टेशनवरून सरळ, खांद्यावर वळकटी. एकटाच होता. माझी बोटं यंत्रावरच थांबली.

"महादू कुठाय?"

"ठिवून घेतला त्येला. गिरणीवाल्यांनी हुब्या हुब्या नाव लिवून घेतलं. तुमास्नी पाया पडतो म्हनून सांगितलंय." आबा वळकटी खाली टाकून तिच्यावरच बसला. "मला बगून सायेब म्हनला, बत्तीस? म्या म्हनलं, लढाईत लय हाल झालं, सायेब. मंग म्हनलं, आडवनारा बगायचा आसंल तर म्होरं पळनारा नगो व्हय? माजी जोड मी संगं आनलीया, तिला सोडा माज्यावर. महादू आधी आडून बसला, आबा, तुमी समोर हुबं ऱ्हानार आसाल तरच पळतो म्हनला. मी ऱ्हायलो. तीन येळा सोडला त्येला माज्यावर. तिन्ही येळा गोल. समदं मैदान मला हासत हुतं, पर बगत हुतं त्येच्याकडं."

आबाने चंची काढली आणि तंबाखू मळायला घेतली. नदीकडच्या मैदानात पडून राहायला सांगितलं तर एका शब्दासाठी उठलेला हा माणूस. मुंबईत शेकडो लोकांसमोर त्याने स्वतःचं हसं करून घेतलं होतं, आणि सांगत होता ते बाजारात जाऊन आल्यासारखं. एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय राहवेना.

"आबा, खरं सांगा. मनात आणलं असतं तर तिथंही अडवला असता ना त्याला?"

त्याने आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली.

"पयल्या येळंला आडवला आसता. दुसऱ्या येळंला बी आडवला आसता," आबा म्हणाला. "तिसऱ्या येळंला म्या आडवाय गेल्तो, चिटणीस. खरंच गेल्तो. आन् त्यो माज्या बाजूनं आसा निघून गेला, की मला दिसलाच न्हाई." मग वळकटी उचलून उठला, आणि दारातून मागे वळून म्हणाला, "ह्ये पलूसात कुनाला सांगू नगा."